खांब कुणाच्या नावाचा

मेट्रोच्या फाटकात वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, पटाश्या पकडल्या गेल्या, तेव्हाच कौशल्याला कळायला हवं होतं की हे प्रकरण सरळ जायचं नाही. पण नोकरी करणाऱ्या माणसाला सकाळी साडेआठला काय कळतं? अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे आणि मागे रांग खोळंबली आहे, एवढंच तिला कळत होतं.

चार पटाश्या, एक वाकस, एक लाकडी हातोडी. सगळं मायच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं. मशीनवरच्या वर्दीतल्या मुलीनं गाठोडं बाजूला काढलं. "बाबा, ये सब क्या है?"

"हम लकडी का काम करते हैं, बेटी," आबा म्हणाले. मेळघाटातल्या कोरकू माणसाला हिंदी शिकवावी लागत नाही.

मुलगी त्यांच्या डाव्या हाताकडे बघत राहिली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून गेलेलं. मोहाची फुलं वेचताना अस्वलानं नेली होती ती दोन्ही, पण हे निजामुद्दीनच्या फाटकात कुणाला सांगत बसणार! कौशल्यानं सरकारी ओळखपत्र पुढे केलं, मॅडम-मॅडम केलं, काही उपयोग नाही. शेवटी बाहेर येऊन ऑटो केली.

"दमलास का रे आबा?"

"गाडीत बसून कुणी दमतं का?" आबा म्हणाले, आणि मयूर विहार येईपर्यंत बाजूच्या दांडीला डोकं टेकून गाढ झोपले. बोलणं दोघांचं कोरकूत. इथं मराठीत आणलंय एवढंच.

कौशल्या बेठेकर दिल्लीत आली त्याला नऊ वर्षं झाली. कलेक्टर व्हायला आली होती. सगळेच येतात. राजेंद्रनगरच्या एका खोलीत पाच मुली, खिडकी एक, आणि तीही जिन्यात उघडणारी. तीन वेळा परीक्षा दिली, तिन्ही वेळा हात टेकले, मग दुसरी एक छोटी परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या एका भवनात सहायक म्हणून चिकटली. आदिवासींच्या कलांचं जतन हे त्या भवनाचं काम. जतन म्हणजे फायली. सोसायटीतल्या मराठी बायका विचारत, "पुण्याच्या का गं तुम्ही?" ती "अमरावतीकडच्या" म्हणायची आणि लिफ्टचं बटण दाबायची. अमरावतीपासून पुढे घाट, घाटापुढे जंगल, जंगलात सालईढाणा, आणि ते सालईढाणा आता नाहीच, हे सगळं लिफ्टमध्ये सांगून होत नाही.

सालईढाणा उठवलं त्यालाही नऊच वर्षं झाली. वाघांसाठी जागा हवी होती. गाव खाली सपाटीवर आणलं, ओळीत घरं दिली, प्रत्येक घराला नंबर दिला. माणसं आली, गुरं आली, कोंबड्यासुद्धा आल्या. मुंडे मात्र वरच राहिले.

मुंडा म्हणजे मेलेल्या माणसाचा सागवानी खांब. वर चंद्र-सूर्य कोरायचे, खाली घोडा, घोड्यावर तो माणूस. सिडोलीचा विधी करून तो गावच्या जुन्या मोहाखाली, आधी गेलेल्यांच्या शेजारी रोवला, की माणूस आपल्या माणसांत जाऊन बसला. तोवर तो बाहेर. मेलाय, पण बसायला जागा नाही. पार्वती, म्हणजे कौशल्याची माय, तीन वर्षांपूर्वी सपाटीवरच्या त्या नंबरच्या घरात तापानं गेली. अजून बाहेरच होती. कारण मोह वर, आणि वर जायला परवानगी लागते. आबांनी नव्या वस्तीतल्या एखाद्या झाडाखाली खांब रोवून मोकळं व्हावं असं पुष्कळांनी सांगून पाहिलं. आबा म्हणत, "तिथं ती कुणाला ओळखते?" आणि रोज जेवायच्या आधी तिचा घास दाराबाहेर ठेवत. तीन वर्षं.

एका दिवसाची परवानगी. फक्त एका दिवसाची. त्यासाठी कौशल्यानं किती अर्ज केले विचारू नका. सरकारी भाषेत अर्ज लिहायचा कसा हे रोज तीच लोकांना शिकवायची, आणि तिच्याच अर्जाला तिकडून उत्तर यायचं, "प्रकरण विचाराधीन आहे." काय विचार करत होते तीन वर्षं, देव जाणे.

आणि मग ती मीटिंग. भवनात चार दिवसांचं प्रदर्शन भरणार होतं. क्षिप्रा मॅडम, म्हणजे तिच्या साहेब, दिल्लीतच वाढलेल्या मराठी बाई, वाईट नव्हत्या हो; उत्साही होत्या. उत्साही साहेब वाईट साहेबापेक्षा जास्त दमवतो, ही गोष्ट वेगळी. "काहीतरी लाइव्ह पाहिजे यार," त्या म्हणाल्या. "लोकांसमोर कोणीतरी बनवतंय, असं." कौशल्याच्या तोंडून निघून गेलं, "माझे वडील मुंडे कोरतात, मॅडम."

झालं. मॅडमनी टाळीच वाजवली. तिथल्या तिथे ठरलं: हरिदास बेठेकर यांना बोलवायचं, चार दिवसांत एक खांब पुरा करायचा, तो भवनाच्या दालनात कायमचा उभा करायचा. आणि मॅडम खरंच मनानं चांगल्या, त्यांनी कौशल्याला नंतर केबिनमध्ये बोलावून म्हटलं, "तुझ्या आईच्या परमिशनचं मला माहीत आहे. चौथ्या दिवशी वनखात्याचे मोठे साहेब चीफ गेस्ट आहेत. काकांचं काम बघतील, तिथंच सही घेऊन टाकू. बिल्कुल पक्कं."

कौशल्याला इतका आनंद झाला की ती जिन्यात जाऊन रडली. आणि त्या आनंदात एक साधी गोष्ट ती विसरली. कोरकूच्या घरातलं चार वर्षांचं पोरही विसरणार नाही अशी गोष्ट. वर्षानुवर्षं लिफ्टमध्ये "अमरावतीकडच्या" म्हणत राहिलं की असं होतं.

पहिल्या दिवशी आबा प्रदर्शनाच्या मांडवात बसले. पुढ्यात सागाचा ओंडका, कीर्तीनगरच्या लाकूडबाजारातून आणलेला. आबांनी त्याला नाक लावलं, अंगठ्यानं रेषा चाचपल्या. "कुठल्या रानातला आहे?" कुणाला माहीत नव्हतं. मग त्यांनी लेकीकडे पाहून विचारलं, "कुणाचा?"

"ऑफिसचा."

"लाकूड नाही गं. मुंडा कुणाचा? कोण गेलंय?"

कौशल्याला आत्ता आठवलं. खांब आधी आणि नाव मागून, असं होत नाही. आधी माणूस जातो, मग त्याचं नाव घेऊन पहिला घाव घालतात. एका माणसाला एकच खांब. आणि बिननावाचा खांब तर कुणी कोरतच नाही; रिकामं आसन मांडलं की कुणीतरी येऊन बसतंच, असं सालईढाण्यात सगळे मानत. आबांच्या लहानपणी एकानं हौसेनं जादा खांब कोरून ठेवला होता, आणि पावसाळा सरायच्या आत त्याच्या घरातलं पोर गेलं. हे तिनं शंभरदा ऐकलं होतं. मीटिंगमध्ये बोलताना यातलं एक अक्षर आठवलं नाही.

"आबा, हा नुसता दाखवायला आहे."

"दाखवायला मुंडा?" आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ओंडका बाजूला सारला, थैलीतून लाकडाचा एक लहान तुकडा काढला आणि दिवसभर कंगवा कोरत बसले. सुबक झाला कंगवा. पण लोकांना कंगवा बघायचा नव्हता.

संध्याकाळी क्षिप्रा मॅडम आल्या. "कौशल्या, कॅटलॉग छापून झालाय, यार. काकांना सांग ना, छोटासा केला तरी चालेल. फोटो येईल एवढा."

"मॅडम, आमच्यात नावाशिवाय करत नाहीत."

"अच्छा! मग नाव द्या ना काहीतरी. इट्स ओके." मग त्यांचा आवाज खाली आला. "हे बघ, तुझं परमिशनचं पण यावरच आहे. साहेबांना मी काय दाखवू, कंगवा?"

यात धमकी नव्हती. खरं तेच बोलत होत्या बाई, आणि तेच जास्त लागलं.

रात्रीच्या जेवणाआधी आबांनी खोलीच्या दाराबाहेर, सोसायटीच्या पॅसेजमध्ये, शेजाऱ्यांच्या चपलांच्या स्टँडपाशी घास ठेवला. कौशल्या बघत राहिली. मग एकदम बोलून गेली, "आबा, मायचाच कोर ना. नाव आहे, माणूस गेलेलं आहे. सगळं रीतीनं होईल."

"आणि हा खांब राहणार कुठं?"

"भवनात."

"म्हणजे तिचा एकच खांब, तो इथं. मग वर मोहाखाली काय नेऊ? परवानगीचा कागद रोवू?" आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "तिचं लाकूड घरी आहे. तीन वर्षं कांबळ्यात गुंडाळून ठेवलंय. त्याला दुसरं नाव लागायचं नाही आणि तिला दुसरं लाकूड."

"मग उद्या सकाळच्या गाडीनं परत चल. राहू दे सगळं."

"आणि कागद?"

कागद म्हणजे माय, एवढं सरळ होतं ते. कागद नसेल तर घास बाहेरच पडत राहणार. आबा आहेत तोवर आबा ठेवतील, त्यांच्यामागे कोण? ती? मयूर विहारच्या पॅसेजमध्ये?

"मी थकलो गं," आबा म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द तिनं ऐकला नव्हता. अस्वलानं हात फाडला तेव्हाही नाही, गाव उठलं तेव्हाही नाही. "तिला एकटीला आणखी किती दिवस दाराबाहेर ठेवू?"

दुसऱ्या दिवशी आबांना मांडवात सोडून, वरच्या फायली उरकून ती परत आली तेव्हा त्यांनी ओंडक्याला हळद लावली होती. भवनाच्या कँटीनमधून मागून आणली म्हणे. नाव घेऊन पहिला घाव घालूनही झाला होता. वाकसाचा टक-टक आवाज चालू होता, चार-पाच माणसं जमली होती, क्षिप्रा मॅडम मोबाइलवर फोटो काढत होत्या. कौशल्याच्या जिवात जीव आला.

"कुणाचा?" तिनं हळूच विचारलं.

"आहे एकाचा."

तिला वाटलं, मोठे काका असतील. आबांचे थोरले भाऊ गाव उठलं त्याच वर्षी वीटभट्टीवर गेले आणि परत आलेच नाहीत. मेल्याचीही बातमी नाही, जगल्याचीही नाही. त्यांचा खांब व्हायचा होताच. तिनं मनातल्या मनात हात जोडले आणि कामाला लागली. पाणी, खुर्च्या, प्रमुख पाहुण्यांचा गुच्छ, परवानगीची फाइल. फाइल तिनं तीनदा तपासली.

तिसऱ्या दिवशी चंद्र-सूर्य झाले, घोडा झाला. काय घोडा होता! मान अशी ताठ, की कॉलेजची पोरं त्याच्याशेजारी उभं राहून सेल्फी काढू लागली. एक बाई विचारून गेल्या, "भैया, ये छोटे साइज में मिलेगा? ड्रॉइंगरूम के लिए?" आबा म्हणाले, "नहीं बेटी, ये घर में नहीं रखते." बाईंना वाटलं, म्हातारा भाव वाढवतोय.

चौथ्या दिवशी सकाळी स्वार उरला होता. स्वार शेवटी करायचा असतो. आणि आबांची रीत अशी की प्रत्येक स्वाराला त्या माणसाची एक खूण द्यायची. कुणाच्या खांद्यावर कुऱ्हाड, कुणाच्या हाती बासरी, म्हणजे वरची माणसं त्याला लगेच ओळखतात. मोठे काका लंगडत. कौशल्या चहाचा कप घेऊन आली आणि स्वाराचा पाय बघायला वाकली. पाय दोन्ही सरळ होते.

मग तिनं हात पाहिले. उजव्या हातात लगाम. डावा हात वर उचललेला, पंजा उघडा. अंगठा, त्याच्या शेजारचं, मधलं. पुढे काही नाही. तीनच.

तिनं कप जमिनीवर ठेवला.

"आबा! पुसून टाक ते. आत्ताच्या आत्ता पुसून टाक!"

"लाकडातलं पुसतं होय?"

"तू जिवंत आहेस!"

"हळू. लोक बघतायत." आबा तिसऱ्या बोटाचं नख घासत होते. इतक्या बारकाईनं, जणू ते नखच राहिलं होतं. "दुसऱ्या कुणाचं नाव घालू मी? भावाचं? तो कुठंतरी जिवंत असला तर? परक्याचं घालू? माझं नाव माझंच आहे. त्यात कुणाचं नुकसान नाही."

"तुझं आहे ना! तुझं नुकसान आहे!"

"माझं काय? सत्तरीला आलो. जे यायचं ते काही लवकर आलं असं म्हणणार आहे का कुणी?"

"मी जाते मॅडमकडे. सांगते, हा खांब द्यायचा नाही. चुलीत गेलं प्रदर्शन."

"जा. सांग," आबा म्हणाले. "पण आधी त्या साहेबाची सही घे."

तेवढ्यात माइकवरून तिचं नाव पुकारलं. पाहुणे आले होते. क्षिप्रा मॅडम लांबून हातवारे करत होत्या, फाइल, फाइल! कौशल्या मांडवात उभी राहिली. एका बाजूला तीन बोटांचा स्वार, दुसऱ्या बाजूला फाइल, आणि मध्ये ती, जिनं मीटिंगमध्ये तोंड उघडलं होतं. आपल्या जिभेचा तिला इतका राग आला की ती तिनं दातांखाली धरली. पण पाय फाइलकडे गेले. त्यासाठी तिनं पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही, आणि पुन्हा तसाच प्रसंग आला असता तरी पाय तिकडेच गेले असते.

मोठे साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी घोडा पाहिला, आबांच्या खांद्यावर हात ठेवला, "अद्भुत" म्हणाले. फाइल उभ्या-उभ्याच वाचली. एक दिवस, आठ माणसं, सूर्योदय ते सूर्यास्त, विस्तव पेटवायचा नाही. सही केली. तीन वर्षं विचाराधीन असलेलं प्रकरण, अडीच मिनिटांत. टाळ्या वाजल्या. टाळ्या खांबासाठी होत्या.

निजामुद्दीनच्या फलाटावर आबा बाकड्यावर बसले होते. गाठोडं मांडीवर, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बंडीच्या आतल्या खिशात. दर पाच मिनिटांनी ते खिसा चाचपायचे.

"आठ माणसांत मला धर," कौशल्या म्हणाली. "मी रजा काढून येते."

"ये. मायचा स्वार केव्हाच मनात ठरलाय. तिच्या हातात मोहफुलांची टोपली देणार." आबा पहिल्यांदा हसले. "विस्तव नाही म्हणतात. बिनचुलीचा नैवेद्य ती चालवून घेईल. तेवढी समजूतदार होती."

गाडीची घोषणा झाली. कौशल्याच्या मनात चार तास जे घुमत होतं ते आता बाहेर पडलं. "आणि तुझ्या वेळी, आबा? एका माणसाला एकच खांब. तुझा तर इथं. मोहाखाली तिच्या शेजारी कोण बसणार?"

आबा रुळांकडे बघत होते.

"तिला तिथं पुष्कळ माणसं आहेत," ते म्हणाले. "माझी माय, तिची माय, सगळं गाव आहे तिथं. ती एकटी पडायची नाही." मग त्यांनी तीन बोटांचा हात लेकीच्या डोक्यावर ठेवला. "इथं तुला कोण आहे?"

गाडी आली, आबा चढले, खिडकीतून त्यांनी पुन्हा एकदा खिसा चाचपला, आणि गाडी निघाली.

सोमवारी खांब दालनात उभा राहिला. हजेरीच्या मशीनच्या अगदी शेजारी, कारण प्लग पॉइंट तिथंच होता आणि मॅडमना वरून दिवा सोडायचा होता. सकाळी नऊला सगळे रांगेत उभे राहून मशीनवर अंगठा टेकवत होते. कौशल्याची पाळी आली. तिनं पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. मागच्या क्लार्कनं विचारलं, "क्या हुआ, मॅडम?"

"कुछ नहीं," ती म्हणाली, आणि अनवाणी पुढे होऊन तिनं अंगठा टेकवला. मशीनमध्ये तिचं नाव उमटलं. मग तिनं पर्समधून रुमालात बांधलेला भाकरीचा तुकडा काढला आणि आबांच्या नावाच्या खांबाच्या बुडाशी ठेवला.